१५ ऑगस्टला जोडून भंडारदऱ्याला: आजी-आजोबा आणि मुलांसह तलावाकाठी दोन मुक्काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं कुटुंब, सहा जण. आजी-आजोबा सत्तरीपुढचे, आजोबांचा गुडघा दुखरा, आई-बाबा, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा पाच. १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत भंडारदऱ्याच्या तलावाकाठी एखाद्या लॉजवर दोन रात्री राहायचंय. लॉज कसं निवडावं, काय काय बघून होईल आणि मुलांना पाण्यात उतरू द्यावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. मुलांना नाही आणि मोठ्यांनाही नाही. या तलावाकाठी पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था मी बरीच वर्षं बघतेय, आणि पाहुणे आले की चहाच्या आधी मी हे सांगते. नुसतं ‘नको’ म्हटलेलं कुणाला पटत नाही, पोहता येणाऱ्या मोठ्या माणसाला तर नाहीच, म्हणून कारण नीट सांगते.

आपण ज्याला भंडारदऱ्याचा तलाव म्हणतो तो धरणाचा जलाशय आहे. प्रवरा नदीवर विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं, आणि मागे साठलेल्या पाण्याला आर्थर लेक नाव पडलं. साठा ११ टीएमसीच्या, म्हणजे ११ अब्ज घनफुटांच्या, जरा वर. हे पाणी खालच्या शेतीसाठी साठवलेलं आहे. पावसाळ्यात धरण भरत जातं, बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला काठोकाठ येतं. मग शेतीसाठी पाण्याचं एकेक आवर्तन (पाळी) सुटतं तसं पाणी उतरतं आणि मे महिन्यात काठ पार आत सरकलेला असतो. म्हणजे इथला काठ एका जागी राहत नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही जिथे उभे राहाल त्याच्या पुढची जमीन उन्हाळ्यात उघडी असते, तिच्यावर गुरं चरतात, काही ठिकाणी गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, होते. तिथे जुन्या भातखाचरांचे बांध आहेत, चर आहेत, ओढ्यांची पात्रं आहेत. पाणी चढलं की हे सगळं झाकलं जातं आणि वरून दिसतं ते सपाट, मातकट पाणी. पहिलं पाऊल घोट्याइतकं, दुसरंही घोट्याइतकं, तिसरं बांधाच्या पलीकडे पडतं आणि माणूस एकदम छातीपर्यंत आत जातो. खाली लाल चिकण माती, तिच्यावर पाय ठरत नाही, आणि वर यायला धरण्यासारखं काही नसतं. गावच्या विहिरीत किंवा सोसायटीच्या स्विमिंग टँकमध्ये पोहणाऱ्याला या पाण्याची सवय नसते.

म्हणून मुलांसाठी नियम सोपा ठेवा: मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय पाण्याच्या दहा पावलं जवळसुद्धा जायचं नाही. आणि मोठ्यांसाठी त्याहून महत्त्वाचा नियम: लक्ष ठेवायचं काम नाव घेऊन एकाला द्या. ‘आता अर्धा तास बाबा’, ‘आता आई’ असं. ज्याची पाळी त्याने मोबाइल खिशात ठेवायचा. सहा माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि तेवढ्यात मूल पुढे सरकतं. हवा भरलेली ट्यूब, रबरी बदक असलं काही आणूच नका. त्याच्या भरवशावर मुलं पाण्यात जातात. बोटिंग ऑगस्टमध्ये वारा-पाऊस बघून बंद ठेवतात, ते योग्यच आहे. चालू असेल तर आधी पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मागा. ते घालून त्याच्या दोन्ही खांद्यांवरचे पट्टे वर ओढून बघा. जॅकेट कानापर्यंत वर येत असेल तर ते त्याच्या मापाचं नाही, मग बोटीत बसू नका.

आता लॉजचं. तुमच्या घरात लॉज आजोबांच्या गुडघ्याने निवडायचं, ‘लेक व्ह्यू’ने नाही. इथल्या कितीतरी जागा उतारावर आहेत. गाडी वर रस्त्याला लागते आणि खोल्या खाली पाण्याकडे. मधल्या पायऱ्या पावसात शेवाळतात, कठडा कुठे असतो, कुठे नसतो. फोटोत यातलं काही दिसत नाही. तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करा आणि एकच मागणी करा: गाडी थांबते तिथून खोलीच्या पलंगापर्यंत चालत एक व्हिडिओ काढून पाठवा. चांगला मॅनेजर संध्याकाळपर्यंत पाठवतो. त्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला पायऱ्या, कठडा, उंबरा, संडास आणि पलंगाची उंची सगळं कळतं. पाठवायला टाळाटाळ झाली तर दुसरी जागा बघा.

त्याच फोनवर आणखी काही विचारून घ्या. कमोड आहे का आणि त्याच्या बाजूला धरायला काही आहे का. गरम पाणी गीझरचं की सोलरचं. सोलरचं असेल तर ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा ते बादलीने देणार का. लाइट गेली तर इन्व्हर्टर खोलीत चालतो की फक्त जेवणघरात. इथे वादळी पावसात लाइट जाते, ती कधी तासाभरात येते तर कधी रात्र काढावी लागते. रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो हेही विचारा. दहानंतर स्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, पण जोडसुट्टीत शेजारी मोठा ग्रुप उतरला असेल तर तो नियम पाळून घेणारा मालक हवा. उत्तर देताना मालक अडखळला तर तुमच्या आजीला झोप मिळणार नाही, हे धरून चाला.

खोल्या दोन घ्या, लागून, आणि शक्यतो तळमजल्यावर एकाच व्हरांड्यात. पैसे वाचवायला एका मोठ्या खोलीत सहा जण झोपले की आजोबा पहाटे पाचला उठतात, मुलं रात्री अकरापर्यंत दंगा करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे चिडचिडे असतात. दर बहुतेक ठिकाणी माणशी सांगतात, जेवण-नाश्ता धरून. पाच वर्षांच्या मुलाचे अर्धे की काही नाही, जास्तीच्या गादीचे वेगळे का, आणि ॲडव्हान्स रद्द झाल्यास परत मिळतो का, हे मेसेजवर लिहून घ्या. १५ ऑगस्टचा ॲडव्हान्स सहसा परत मिळत नाही, फार तर तारीख बदलून मिळते. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, रिसॉर्ट धरणाजवळच्या शेंडी गावात तलावाला लागूनच आहे आणि त्याची जागा सुरेख आहे, पण जोडसुट्टीच्या खोल्या फार आधी भरतात. उशीर झाला असेल तर शेंडीतली किंवा मुरशेत-मुतखेलकडची घरगुती निवासं बघा.

तंबू मात्र नको. कोरड्या दिवसांत मुलांना तंबूची मजा आहे, मी स्वतः त्याच्या बाजूने आहे. ऑगस्टमध्ये नाही. खालून ओल येते, रात्री संडासाला जायचं तर चिखलातून बॅटरी धरून जावं लागतं, आणि जोराचा पाऊस झाला तर एका रात्रीत काठ पुढे सरकतो.

काय बघायचं? लोक इथे यादी घेऊन येतात. रंधा, अंब्रेला फॉल, रतनवाडी, घाटघर, सांदण दरी, कळसूबाई. दोन दिवसांत हे सगळं करणारी कुटुंबं मी दर वर्षी बघते. ती तलावाकाठची खोली घेतात आणि तलाव बघतात गाडीच्या काचेतून, वायपरच्या मधल्या फटीतून. माझा सल्ला असा: दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. बाकीचा वेळ मुक्कामाच्या जागेला द्या. तुम्ही तलावासाठी येताय ना? मग त्याला भरपूर वेळ मिळू दे.

एका सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. शिलाहारकाळातलं मानलं जातं. शेंडीहून मुरशेत, मुतखेल, कोलटेंभे करत तलावाच्या कडेने रस्ता जातो आणि या दिवसांत त्या रस्त्याला लागून इतके धबधबे असतात की मुलांची हौस गाडीतूनच फिटते. मंदिराजवळ पोचल्यावर फार चालावं लागत नाही, आजोबांनाही जमतं, फक्त आवारातले दगड निसरडे असतात. तिथे घाई करू नका. बाहेरच्या भिंतीवरची नक्षी मुलीला बोटाने दाखवा, छताकडे मान वर करून बघायला सांगा, मग शेजारची पुष्करणी बघा. तिच्या चारही बाजूंना कोनाडे आहेत आणि त्यात मूर्ती. पाऊस पडत असताना काळ्या दगडावरचं कोरीव काम जास्त उठून दिसतं, हे उन्हाळ्यात आलेल्यांच्या नशिबी नसतं. वर धुकं फाटलं तर रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, दिसेल. शेंडीहून सकाळी साडेसातला निघालात तर गर्दीच्या आधी परत याल. उशीर केलात तर त्या अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांत अडकाल. फार गर्दीच्या दिवसांत पोलीस तलावाभोवती एकेरी वाहतूक लावतात, तसं झालं तर घाटघर-साम्रदच्या बाजूने पूर्ण फेरी मारूनच परत यावं लागतं. म्हणून आदल्या रात्री लॉजवर विचारून ठेवा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती मिळते, ती जपून ठेवा.

दुसऱ्या सकाळी रंधा धबधबा. शेंडीहून राजूरच्या रस्त्याला आहे. प्रवरा इथे दीड-पावणेदोनशे फूट खाली झेपावते. रंधा धरणाच्या खाली आहे, त्यामुळे तिथलं पाणी धरणातून किती विसर्ग चाललाय त्यावर कमी-जास्त होतं. डोंगरावर एक थेंब पडत नसतानाही नदी वाढू शकते. कठड्याच्या आतूनच बघायचं, पात्रातल्या खडकावर फोटोसाठी उतरायचं नाही. धरणाखालचा अंब्रेला फॉलही असाच, मोरीतून पाणी सोडलेलं असेल तरच दिसतो. लॉजवर ‘आज पाणी सोडलंय का’ एवढं विचारा, नसेल तर तिकडची गर्दी कशाला सोसायची? रंध्याहून पुढे राजूर फार लांब नाही. तिथले पेढे नावाजलेले आहेत, ते घ्या. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, औषधांची दुकानं आहेत. आजी-आजोबा बरोबर असताना हे ठाऊक असलेलं बरं.

सांदण दरी पावसाळ्यात पाण्याची वाट असते, तिचं नावही काढू नका. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, तेव्हा बाबांना आणि मुलीला मोह होणारच. १५ ऑगस्टला तिथल्या लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात, ओल्या शिड्यांवर वरचे आणि खालचे एकाच वेळी अडकतात. थंडीत फक्त त्यासाठी परत या.

आता उरलेल्या वेळाचं काय, याची आई-बाबांना फार काळजी असते. मुलं कंटाळतील, असं त्यांना वाटतं. पहिले दोन तास कंटाळतातच, मग आपोआप काहीतरी सुरू होतं. व्हरांड्यात पत्त्यांचा कॅट ठेवा. बदाम सात पाच वर्षांच्या मुलालाही आजीच्या मांडीवर बसून खेळता येतं, आणि मेंढीकोटात आजोबा भिडू मिळाले की मुलगी उठत नाही. मुलीला सकाळी एक काडी पाण्याच्या रेषेवर रोवायला सांगा, अर्थात बाबांना बरोबर घेऊन. संध्याकाळी पाणी काडीच्या वर गेलं की खाली, हे ती स्वतः बघेल. मग तिला सांगा की हे पाणी इथून निळवंड्याच्या धरणात जातं, पुढे संगमनेरवरून प्रवरासंगमला गोदावरीला मिळतं. वाटेत त्यावर ऊस होतो, गहू होतो. शाळेच्या नकाशात पुसट निळी रेघ असलेली नदी तिला पहिल्यांदा पाण्याची दिसेल.

आणि स्वयंपाकघर. लॉज घरगुती असेल तर दुपारी चारच्या सुमाराला, कामाची घाई नसताना, मुलांना तिथे नेऊ का असं विचारा. आमच्याकडे नागलीची भाकरी चुलीवर होते. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळतं पाणी घालून उकड काढायची, मग तळहाताच्या बुडाने पीठ मळत राहायचं, कडा फाटायच्या थांबेपर्यंत. थापताना भाकरी फिरवायची ती बोटांच्या दाबाने, उचलून नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात तेव्हा वाफेचा जो वास येतो, तो मुलांना इतका आवडतो की पुढची भाकरी ती स्वतः मागतात. त्यांच्या हातची वेडीवाकडी भाकरीही भाजून द्यायला आमच्या बायका कधी नाही म्हणत नाहीत. शेजारी आजी बसल्या की गप्पा सुरू होतात: तुमच्याकडे कशी करता, आमच्याकडे अशी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपण्याचं मोठं काम केलं, त्यांना पद्मश्री मिळाली, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच मातीतला काळभात हा तांदूळ, वाल, वरई इथल्या ताटात येते. पनीर मागवण्यापेक्षा एक जेवण इथलं जेवा: भाकरी, पिठलं, ठेचा, रानभाजी मिळाली तर तीही.

१५ ऑगस्टला बहुधा श्रावण असतो. लॉजवाले जोडसुट्टीला चिकन आणि मासे धरून चालतात. आजी शनिवार करत असतील किंवा कुणी श्रावण पाळत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. भगर आणि शेंगदाण्याची आमटी कुणीही करून देईल, पण आदल्या दिवशी कळलं तर. तिखट कमी हवं, पाच वर्षांच्या मुलाला वरण-भात वेगळा हवा, हे आल्यावर लगेच स्वयंपाकघरात जाऊन सांगा. मॅनेजरला सांगितलेलं चुलीपर्यंत पोचतंच असं नाही. आजोबांना पहाटे चहा लागत असेल तर घरून किटली आणा. लॉजचं स्वयंपाकघर सातच्या आधी सहसा सुरू होत नाही, आणि दोन तास चहाविना बसलेला म्हातारा माणूस परक्या जागी उगाच खट्टू होतो.

सामानात दोन गोष्टींवर भर द्या. कपडे वाळत नाहीत, म्हणून मुलांचे जोड दुप्पट घ्या आणि प्रत्येकाला चपलेचा एक कोरडा जोड खोलीत वापरायला. आजोबांसाठी रबरी तळ असलेली काठी, घरी वापरत नसले तरी. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वाऱ्यात छत्री टिकत नाही. रोख पैसे ठेवा. रेंज जाते आणि मग यूपीआय अडतं. सगळ्यांनी एकाच कंपनीचं सिम घेऊन येऊ नका.

प्रवासात आता ठाण्याहून बरंच सोपं झालंय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. इगतपुरीला उतरून घोटी, तिथे पेट्रोल भरा, मग वासाळी, बारी करत शेंडी. घोटीनंतरच्या रस्त्यावर धुकं आणि खड्डे दोन्ही असतात, म्हणून तो उजेडीच पार करायचा. आदल्या दिवशी ऑफिस सुटल्यावर रात्री निघू नका. सुट्टीच्या पहाटे पाचला निघालात तर साडेनऊच्या नाश्त्याला इथे पोचता. खोली बाराला मिळणार असली तरी आधी सांगितलं तर आजी-आजोबांना पाठ टेकायला जागा कुणीही करून देतं.

परतीला रविवारी दोन वेळा चांगल्या आहेत: नाश्ता करून नऊच्या आत, किंवा जेवून, झोपून, चार वाजता. बारा ते दोनमध्ये निघालात तर शेंडी आणि घोटी दोन्हीकडे गाड्यांच्या रांगेत बसाल. कुठल्याही वेळी निघा, आजोबांच्या गोळ्यांची पिशवी डिकीत टाकू नका, पुढच्या सीटपाशी ठेवा आणि पाण्याची बाटली तिच्याच शेजारी.